एकवीस फूट

“एकवीस फूट म्हणजे नेमकं किती हो, मामा?”

तिनं विचारलं तेव्हा चहाचा कप अजून मामांच्या हातातच होता. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, मांडीवर एक खाकी लिफाफा. झटक्याची बायको. मामांनीच शिकवलेला शिपाई झटक्या जाऊन आज एकोणचाळीस दिवस झाले होते. अंत्यविधीच्या दिवशी मामांनी तिला गर्दीत लांबून पाहिलं होतं आणि तसेच मागच्या मागे सटकले होते. आज ती स्वतःच दारात उभी राहिल्यावर सटकायला जागा उरली नाही.

“असं सांगून नाही कळायचं, पोरी.”

“मग दाखवा.”

मामा उठले. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि टाचेला चवडा लावत, पाऊल मोजत निघाले. टेप कशाला लागतेय! बावीस वर्षं हेच अंतर त्यांच्या पायाखालून गेलं होतं. शेगडीपाशी दूध तापवणारी त्यांची बायको बाजूला सरकली. स्वयंपाकघर संपलं, बोळ संपला, पुढची खोली संपली, उंबरा आला. सतराच फूट भरले. सरकारी क्वार्टर ते केवढं असणार! उरलेले चार फूट मोजायला मामा पायरी उतरून बाहेर गेले आणि सायकलीजवळ थांबले.

“हे इथं आपला शिपाई. आणि सुरा घेतलेला माणूस तिथं, त्या भिंतीपाशी.”

ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं आत पाहिलं. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर इथून वाचता येत होतं. दूध वर येतंय की नाही तेसुद्धा दिसत होतं.

“एवढंच?” ती म्हणाली.

“एवढंच.”

“आणि हे म्हणतात, पुरेसं होतं.” तिनं लिफाफ्यातून कागद काढून त्यांच्यापुढे धरला.

चौकशी अहवालाचा मसुदा होता. गोदामांच्या गल्लीत एक माणूस सुरा घेऊन धिंगाणा घालतोय असा फोन आला. झटक्या आणि जीपचा चालक असे दोघं गेले. झटक्या उतरला, तेवीस फुटांवर थांबला आणि ‘सुरा खाली टाक’ असं दोनदा म्हणाला. पिस्तूल कमरेला, होल्स्टरमध्ये. तो माणूस क्षणभर बघत राहिला आणि धावत आला. चालक जीपमधून खाली उतरेपर्यंत सगळं संपलं होतं. झटक्याचा हात पिस्तुलावर होता आणि पिस्तुलाचं नाक अजून होल्स्टरमध्येच होतं. हे सगळं लिहून झाल्यावर शेवटी एक ओळ होती. ‘अंतर पुरेसे असूनही, केवळ गाफीलपणामुळे मयतास शस्त्र वेळेत काढता आले नाही.’

“हा शब्द काढायला लावायचाय मला,” ती म्हणाली. तिचं बोट ‘गाफीलपणा’वर होतं. “दुसरं काही नको. सभागृहात शहिदांचा फोटो लावतात तो नाही लावला तरी चालेल. पण पोरगी चार वर्षांची आहे, उद्या वाचायला शिकेल. बाप स्वतःच्याच चुकीनं मेला, असं वाचेल ती. आणि हे गाफील नव्हते हो! रस्ता ओलांडतानासुद्धा माझा हात धरायचे. सोमवारी सुनावणी आहे, तुमच्याच केंद्रात. तुम्ही सांगा ना त्यांना. ह्यांना तुम्हीच शिकवलंत. तुमच्याइतकं कुणाला कळतंय ह्यातलं?”

मामांनी मान हलवली. “सांगतो,” म्हणाले. काय सांगतो, ते मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे ठाऊक होतं, आणि तीच तर पंचाईत होती.

मामांचं कामच जगावेगळं. पोलिस प्रशिक्षण केंद्रात कुणी कवायत शिकवी, कुणी कायदा शिकवी. मामा मारेकरी होत. हातात लाकडी सुरी, तिच्या धारेला लाल खडू फासलेला. मैदानात एकवीस फुटांवर दोन पांढऱ्या रेघा. एका रेघेवर नवा शिपाई, कमरेला सरावाचं पिस्तूल. आत गोळी नाही, चाप ओढला की नुसतं टक्क वाजायचं. दुसऱ्या रेघेवर मामा. शिट्टी नाही, इशारा नाही. मामांना वाटेल तेव्हा ते सुटायचे, आणि त्या पोराचा हात होल्स्टरच्या बटणाशी झटापट करतोय तोवर त्याच्या सदऱ्यावर लाल रेघ ओढून मोकळे व्हायचे. मग कानाशी म्हणायचे, “मेलास.” नाव चाकूमामा पडलं ते त्यामुळेच. पुढे चाकू गळाला आणि नुसते मामा उरले.

आणि पोरं मरायलाच हवी होती. धडाच तो होता! कमरेला पिस्तूल लटकलंय म्हणून छाती काढून उभं राहू नकोस रे बाबा, एवढ्या अंतरात सुरीवाला तुझ्या आधी पोचतो, हे डोक्यात उतरायला प्रत्येकानं एकदा तरी मरायला हवं. मग दुसऱ्या दिवशी खरं शिक्षण. लांबच थांब. मध्ये गाडी घे, टेबल घे, काहीही घे. हात आधीच तयार ठेव. आलाच अंगावर तर बाजूला हो, जागेवर उभा राहू नकोस. अठरा वर्षांत एकही पोर मामांच्या आधी चाप ओढू शकलं नव्हतं. काय बिशाद होती कुणाची!

मग चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात मामा मैदानाच्या कडेला घसरले आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी तुटलं. डॉक्टरनं एक्स-रेची फिल्म उजेडात धरून सांगितलं, चाला, फिरा, पण धावणं विसरा. मामांनी ती फिल्म आणून कपाटाच्या मागे सरकवून दिली. कळवलं असतं तर बदली ठरलेली. जप्त केलेल्या, गंजक्या गाड्यांच्या आवारात खुर्ची टाकून बसायचं आणि कुत्री हाकलायची. इथं दोनशे पोरं मामा मामा करत मागे फिरत होती, आणि तिथं कोण विचारणार होतं? माणूस पगाराला चिकटतो असं लोक म्हणतात. मामा त्या हाकेला चिकटले होते. गुडघ्याला आवळून पट्टा बांधायचा, वर सैल पँट चढवायची, सकाळी दोन गोळ्या घ्यायच्या आणि रेघेवर उभं राहायचं.

पहिल्या आठवड्यातच एका पोरानं त्यांच्या आधी चाप ओढला. टक्क! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मामाही हसले आणि म्हणाले, “हल्लीची पोरं तयार आहेत बुवा.” त्या क्षणी बोलले असते तर बोलले असते. नंतर बोलणं दिवसेंदिवस जड होत गेलं. दुसरं पोर जिंकलं, पाचवं जिंकलं, मग निम्मी तुकडी जिंकायला लागली. प्राचार्य साहेबांनी कार्यालयात रंगीत तक्ता लावला. केंद्राला वरून ढाल मिळाली. पोरं जिंकतायत तर दुसऱ्या दिवसाचं बाजूला होणं, आडोसा घेणं कशाला, म्हणून साहेबांनी तो दिवसच छाटून टाकला. एकदा साहेबांनी विचारलं होतं, “मामा, लंगडताय का?” “बूट चावतोय, साहेब.” “मग नवा घ्या की,” म्हणून साहेब हसले आणि निघून गेले. त्यांनाही ढाल प्यारी होतीच.

त्या तुकड्यांमधला सगळ्यांत तरबेज हात झटक्याचा. ते नावही मामांनीच ठेवलेलं. पाचपैकी पाच वेळा त्यानं मामांच्या आधी चाप ओढला होता. नोंदवहीत तसं लिहिलं होतं, खाली मामांची सही. अहवालात तोच आकडा उचलला होता. एकवीस फुटांवरून पाचपैकी पाच वेळा जिंकणारा माणूस तेवीस फुटांवर हरला, म्हणजे गाफीलच असणार, दुसरं काय? हिशेब चोख होता. झटक्या त्या गल्लीत तेवीस फुटांवर निवांत उभा राहिला, कारण त्याला वाटलं, वेळ आहे. ते वाटणं त्याच्या डोक्यात कुणी घातलं, हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक मामा आणि एक मामी.

ती गेल्यावर मामी पुसण्याला हात पुसत बाहेर आली.

“काय सांगणार आहात सोमवारी?”

“बघू.”

“बघू काय? चार वर्षं रोज संध्याकाळी ह्या गुडघ्याला शेक देतेय मी. तेव्हा कानीकपाळी ओरडत होते, सांगून टाका, सांगून टाका. तेव्हा तुम्हाला ती भुणभुण वाटत होती. आता सांगून काय तो पोरगा उठून येणार आहे?”

“तिला तो शब्द नकोय.”

“मग शब्दच काढा ना. तेवढं बोला आणि गप्प बसा. गुडघ्याचं कशाला काढताय? निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. जाताना तोंडाला काळं फासून जायचंय का तुम्हाला?”

मामीचं खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. मामांच्या डोक्यात मात्र एक वाट दिसायला लागली होती. एकदाच, फक्त एकदा, पूर्वीसारखं धावता आलं तर? साहेबांच्या डोळ्यांदेखत एकवीस फूट कापून दाखवले की ‘पुरेसे अंतर’ आपोआप खोटं ठरेल. झटक्याही सुटेल, आपणही सुटू. भित्र्या माणसाला अशी वाट फार लवकर दिसते.

सोमवारी सकाळी मामांनी दोनाऐवजी चार गोळ्या घेतल्या.

सुनावणी सभागृहात होती. मुख्यालयातून आलेले चौकशी अधिकारी चाळिशीचे, शांत, कपड्याला कुठे सुरकुती नाही. शेजारी प्राचार्य साहेब, आणि कोपऱ्यात टंकलेखक बाई यंत्रावर बोटं ठेवून. झटक्याची बायको भिंतीलगतच्या बाकावर बसली होती. मामा आत आले तेव्हा ती त्यांच्याकडे बघून हसली. हसली म्हणजे काय, परक्या माणसांत आपलं माणूस दिसल्यावर चेहरा सैल पडतो, तसा पडला. मामांनी नजर वळवली.

“साहेब,” मामा म्हणाले, “एकवीस फुटांत होल्स्टरमधलं पिस्तूल काढून कुणीच वाचत नाही. कितीही हुशार असू दे. तो गाफील नव्हता. त्याच्या जागी मी असतो तरी मेलो असतो.”

अधिकाऱ्यांनी नोंदवही त्यांच्यापुढे उघडली. “मग हे काय? गेल्या चार वर्षांत दहापैकी सात शिपाई तुमच्याविरुद्ध जिंकलेत. सह्या तुमच्याच ना?”

“माझ्याच.”

“मग खरं काय धरायचं? आज बोलताय ते, की तेव्हा लिहिलंत ते?”

बोलायचं तर आत्ताच बोलायचं होतं. मामांच्या जिभेवर आलंही. पण तोंडातून भलतंच निघालं.

“धावून दाखवतो, साहेब. प्रत्यक्षच बघा.”

सगळे मैदानात आले. अधिकाऱ्यांनी सरावाचा पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला, बटण लावलं आणि पांढऱ्या रेघेवर उभे राहिले. दुसऱ्या रेघेवर मामा, हातात लाकडी सुरी. ऊन चढायला लागलं होतं. मामांनी दात आवळले आणि सुटले. पहिली दोन पावलं तर खरंच जुन्यासारखी पडली. त्यांना वाटलंसुद्धा, जमलं. मग तिसऱ्या पावलाला गुडघ्यातून कळ निघाली, पाय आतल्या बाजूला वळला, आणि उरलेलं अंतर त्यांनी खुरडत कापलं. अजून सहा-सात फूट बाकी असतानाच टक्क वाजलं.

अधिकाऱ्यांनी पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवलं. त्यांना आनंद झाला नव्हता, एवढं म्हटलं पाहिजे.

“मी कार्यालयात बसणारा माणूस,” ते म्हणाले. “वर्षातून एकदा पिस्तूल हातात धरतो. मला जमलं, मामा. मग त्याला जमायला हवं होतं.”

“झालं तर मग,” प्राचार्य साहेब म्हणाले. “बाई, प्रात्यक्षिकाची नोंद घ्या. मसुदा आहे तसाच राहील.”

मामांनी बाकाकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नवऱ्याला वाचवायला आणलेला माणूस सगळ्यांसमोर हरला होता. आणि हरून त्यानं तो शब्द आणखी घट्ट केला होता.

“साहेब, माझा गुडघा गेलाय,” मामा म्हणाले.

“काय?”

“चार वर्षं झाली. मला धावताच येत नाही. पोरं जिंकली नाहीत साहेब, मी हरत होतो. त्या नोंदवहीतल्या चार वर्षांना काही अर्थ नाही. त्याच्या आधीची अठरा वर्षं काढून बघा. एक पोर जिंकलेलं सापडायचं नाही.”

प्राचार्य साहेबांच्या चेहऱ्यावरून रंग सर्रकन उतरला आणि तितक्याच चटकन परत आला. “पोराच्या मायेपोटी बोलतायत, सर. फार जीव होता त्यांचा त्याच्यावर. आत्ता हरले म्हणून गुडघा आठवला. चार वर्षांत एक शब्द नाही, एक अर्ज नाही.”

मामांनी खाली बसून पँट वर सरकवली आणि पट्टा सोडला. गुडघा नारळाएवढा सुजला होता.

“हे आत्ता पाय मुरगळला त्याचं,” प्राचार्य साहेब म्हणाले. डॉक्टरची फिल्म घरी कपाटामागे होती, ती आणेपर्यंत इथं कोण थांबणार होतं?

अधिकारी गुडघ्याकडे बघत राहिले, मग मामांच्या तोंडाकडे. विश्वास ठेवावा की ठेवू नये, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. आणि त्यांनी का ठेवावा विश्वास? चार वर्षं खोट्यावर सह्या ठोकणारा माणूस आज खरं बोलतोय, हे कशावरून? मामांना तेव्हा कळलं की खरं बोलायलासुद्धा आधी थोडी पत शिल्लक असावी लागते.

“मी धावते,” झटक्याची बायको म्हणाली.

“तुम्ही?” प्राचार्य साहेब म्हणाले. “अहो बाई, हा काय खेळ आहे?”

“खेळ नाही म्हणूनच म्हणतेय.” ती अधिकाऱ्यांकडे वळली. “साहेब, मी शिवणकाम करते. शाळा सुटल्यापासून कधी धावले नाही. सुरी फक्त भाजीला धरते. मला जरी तुम्ही थांबवलंत, तरी मी तो कागद आहे तसा घेऊन जाईन. परत तोंड दाखवणार नाही.”

“ठीक आहे,” अधिकारी म्हणाले आणि पुन्हा रेघेवर जाऊन उभे राहिले. “सर, अहो...” असं काहीतरी प्राचार्य साहेब म्हणत राहिले. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही.

तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या, केस मागे गच्च बांधले. मामांच्या हातून लाकडी सुरी घेतली. धरली मात्र कांदा चिरायला धरतात तशी, अंगठा पात्यावर ठेवून. मामांचा हात सवयीनं पुढे झाला, अंगठा खाली घे म्हणून सांगायला. तो त्यांनी मागे घेतला. कुणाला शिकवायची हौस अजून फिटली नव्हती का?

“कधी सुटायचं?” तिनं विचारलं.

“तुला वाटेल तेव्हा.”

ती उभी राहिली. अधिकाऱ्यांची नजर तिच्या पायांवर होती, हात कमरेपासून वीतभर लांब. वेळ जात होता. लांब फाटकापाशी कुठली तरी गाडी मागे येत होती, तिची पिपाणी वाजत होती. अधिकाऱ्यांनी तिकडे बघितलं नाही, नुसती पापणी लवली असेल, आणि ती सुटली.

धड धावणंही नव्हतं ते. वाकून, हात पुढे करून, तोंडातून कसलासा आवाज काढत ती गेली. अधिकाऱ्यांचा हात पट्ट्यावर आपटला, अंगठ्यानं बटण शोधलं, बटण सुटलं, मूठ पिस्तुलावर वळली आणि तेवढ्यात ती त्यांच्यावर जाऊन आदळली. दोघंही चार पावलं मागे गेली. टक्क वाजलंच नाही. पिस्तूल अर्धं आत, अर्धं बाहेर होतं आणि पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाखाली लाल खडूचा जाड फराटा उमटला होता. ती तिथंच थांबली होती, सुरी टेकवून, श्वास घेत. सुरी काढून घ्यायची असते हे तिला सुचत नव्हतं.

“असंच झालं असेल,” ती म्हणाली. “ह्यांना असंच वाटलं असेल.”

अधिकाऱ्यांनी हळूच तिचं मनगट धरून हात बाजूला केला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. “मला ठाऊक होतं तुम्ही येणार आहात,” ते म्हणाले. “ठाऊक असून नाही जमलं. पुन्हा एकदा?”

दुसऱ्यांदा त्यांनी बटण आधीच सोडून ठेवलं. पिस्तूल होल्स्टरमधून बाहेर आलं, पण वर उचलायच्या आत दुसरा फराटा उमटला. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

टंकलेखक बाईंचं टेबल सभागृहाच्या दाराशी आणून ठेवलं होतं. अधिकाऱ्यांनी मसुदा घेतला, शेवटची ओळ पेनानं आडवी खोडली आणि उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. मामांचा जीव भांड्यात पडला. सुटलं पोरगं! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तीही रडत होती, हातातली सुरी तशीच धरून.

“लिहा,” अधिकारी सांगत होते. “मयताकडून कोणताही गाफीलपणा घडलेला नाही. पुढचं वाक्य. तथापि, संबंधित प्रशिक्षकाने आपली शारीरिक अक्षमता चार वर्षे दडवून ठेवली. त्यामुळे या काळातील सर्व शिपायांच्या मनात, सुरीचा हल्ला होल्स्टरमधील पिस्तुलाने वेळेत थोपवता येतो, असा चुकीचा समज निर्माण झाला. मयत हे त्यांपैकीच एक होत. प्रशिक्षकास या गोष्टीची जाणीव होती.”

“मला ह्यातली काहीच कल्पना नव्हती, हेही घ्या, सर,” प्राचार्य साहेब म्हणाले. “माझ्याकडे एकही लेखी तक्रार नाही.”

“घ्या तेही,” अधिकारी म्हणाले.

यंत्र खडखडत होतं. तिचं रडणं थांबलं. गुडघ्याचं तिनं मघाशी ऐकलं होतं, पण तेव्हा तिला फक्त तो शब्द खोडला जायला हवा होता. आत्ता वाक्यं एकेक करून तिच्यापर्यंत पोचत होती. ती वळली आणि मामांसमोर येऊन उभी राहिली. अगदी जवळ, हातभर अंतरावर.

“चार वर्षं,” ती म्हणाली.

“हो.”

“हे तुमच्याकडे आले, त्याला तीन वर्षं झाली.”

“हो.”

“म्हणजे ह्यांच्या आधीपासून माहीत होतं तुम्हाला.”

“हो, पोरी.”

“पोरी म्हणू नका.”

मामांनी मान खाली घातली. काहीतरी म्हणावं, पाय धरावेत, असं त्यांना वाटलं. पण तिनं ते करू दिलं नसतं, आणि सुजलेल्या गुडघ्यावर वाकताही आलं नसतं.

“पाचही वेळा ह्यांनी तुमच्या आधी चाप ओढला,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तुम्ही हरताय हे तुम्हाला कळत होतं. का हरताय तेही कळत होतं. तेव्हा तुम्ही काय म्हणालात ह्यांना?”

टंकलेखक बाईंची बोटं थांबली. मामांना वाटलं असतं तर ते म्हणू शकले असते, आठवत नाही. शंभर पोरं येतात, शंभर जातात, कुणाला काय म्हणालो कसं आठवणार? आणि तेवढं खोटं पचूनही गेलं असतं, चार वर्षं पचलंच होतं की.

“शाबास म्हणालो,” मामा म्हणाले.

तिनं मान हलवली.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “घरी येऊन सांगितलं होतं ह्यांनी. जेवताना तीनदा सांगितलं. मामा शाबास म्हणाले, मामा कुणाला शाबास म्हणत नाहीत.”

मग तिनं हातातली सुरी टेबलावर ठेवली, तळव्याचा लाल रंग रुमालाला पुसला आणि टंकलेखक बाईंना विचारलं, सही कुठे करायची.